विश्लेषण : उभ्या ट्रॉलीचे टायर का तडकतात? पावसाळ्याचे चार महिने ते कसे जपावेत?

मे महिना सरत आला की पनवेल, पेण आणि खालापूर तालुक्यांतील वीटभट्ट्या थंडावतात. माती-खडीची वाहतूक मंदावते आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या अंगणात, खळ्यावर, भट्टीच्या कडेला उभ्या राहतात. पातळगंगेकाठच्या आपट्यासारख्या गावात ट्रॅक्टर पुढे चिखलणीला जातो, पण ट्रॉली हलते ती थेट दिवाळीच्या आसपास. मग पहिल्या-दुसऱ्या खेपेलाच टायर फुटतो आणि दोष खड्ड्याला दिला जातो. अनेकदा तो टायर रस्त्यावर नव्हे, तर उभ्या जागीच खराब झालेला असतो. असे का होते आणि ते कसे टाळता येते, याविषयी…

थंडीतला सल्ला आपट्यात कशाला?

कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत बोटी वाहून नेणारे आणि सहलीचे ट्रेलर बर्फ पडू लागले की बंद करून ठेवतात. ते साधारण एप्रिलमध्ये पुन्हा बाहेर निघतात. या काळात टायर कसे सांभाळावेत, याच्या सूचना तिकडच्या टायर कंपन्या आवर्जून देतात. कोकणात बर्फ नाही. पण वाहन सलग चार महिने जागेवर उभे ठेवणारा ऋतू आपल्याकडेही आहे. हवामान विभागाच्या २०२० मध्ये सुधारलेल्या वेळापत्रकानुसार मुंबई परिसरात मोसमी पाऊस सरासरी ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. आपट्याच्या ट्रॉलीचा ‘हिवाळा’ तो हाच.

पश्चिम महाराष्ट्रात तर हा मुक्काम आणखी लांब असतो. उसाचा गाळप हंगाम मार्च-एप्रिलमध्ये संपला की जोडट्रॉल्या आणि टायरगाड्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत उभ्या असतात. म्हणजे कडक उन्हाळा आणि पावसाळा असे दोन्ही ऋतू त्यांच्या टायरवरून जातात. न्हावा-शेवा बंदर आणि कळंबोलीच्या पोलाद बाजाराभोवती धावणारे मोठे ट्रेलर एरवी फारसे थांबत नाहीत. पण २०२० च्या टाळेबंदीत चालक गावी गेले आणि अनेक ट्रेलर जागच्या जागी उभे राहिले. कारण काहीही असो, थांबलेल्या चाकाचे शत्रू सगळीकडे तेच आहेत.

न चालता टायर झिजतो कसा?

झिजत नाही, पण म्हातारा होतो. रबर हवेतल्या प्राणवायूने आणि ओझोनने हळूहळू कडक होते. टायर बनवताना रबरात मेण आणि ओझोनला रोखणारी रसायने मिसळलेली असतात. ती आतून पृष्ठभागावर झिरपत येतात आणि पातळ थर धरतात. चाक फिरत राहिले, टायर दबत-सुटत राहिला, की हे संरक्षण नव्याने वर येत राहते, असे टायर कंपन्या सांगतात. म्हणूनच रोज धावणाऱ्या ट्रकचा टायर नक्षी संपल्यामुळे बाद होतो, तर ट्रॉलीचा टायर नक्षी शाबूत असताना तडे जाऊन बाद होतो. ‘अजून नवाच दिसतोय’ हा निकष ट्रॉलीला लावून चालत नाही.

यातली एक बाब कळीची आहे. ओझोनमुळे तडा जातो तो ताणलेल्या रबराला. सैल, बिनताणाच्या रबराला ओझोन तसे चिरत नाही. आता ट्रॉली कशी उभी असते ते पाहा. हवा कमी झालेली, वर उरलेल्या विटा किंवा लाकूडफाटा तसाच पडलेला, आणि जमिनीलगत टायरची बाजू फुगून बाहेर आलेली. त्या फुगवट्यावर रबर रात्रंदिवस ताणलेले राहते. पहिले बारीक तडे तिथेच दिसतात आणि टायर फुटतो तोही बहुतेक वेळा बाजूनेच. ट्रॉली रिकामी करणे आणि हवा पुरेशी ठेवणे या दोन बिनखर्चाच्या गोष्टींनी तडे जाण्याचे निम्मे कारणच दूर होते.

दुसरा त्रास चपटेपणाचा. चाकाचा जो भाग जमिनीला टेकलेला असतो तो महिनोन्‌महिने दबून तसाच बसतो. ट्रॉल्यांना बहुधा नायलॉन धाग्याचे टायर असतात आणि नायलॉनला ही खोड रेडियल टायरपेक्षा जास्त. थोडे दिवस उभे राहिल्यामुळे आलेला चपटेपणा चाक गरम झाल्यावर निघून जातो. महिन्यांचा, त्यातही कमी हवेचा आणि ओझ्याखालचा चपटेपणा मात्र कायमचा ठरू शकतो. मग ट्रॉली रिकामी असतानाही लयीत उडत राहते. तो धक्का पुढे बेअरिंग आणि हूकपर्यंत पोहोचतो.

पाऊस जास्त घातक की त्याआधीचे ऊन?

ऊन. सर्वसाधारण समज याच्या उलट आहे आणि म्हणून ताडपत्री निघते ती पहिली सर आल्यावर. पण रबराचे खरे नुकसान उष्णता, अतिनील किरणे आणि ओझोन करतात. जमिनीलगतचा ओझोन वाहनांचा धूर आणि कारखान्यांतून निघणारे वायू यांच्यावर ऊन पडल्यावर तयार होतो. पावसाळ्यात ढग आणि सरींमुळे त्याचे प्रमाण घटते. मे महिन्यात काम थांबलेली ट्रॉली पाऊस येईपर्यंत उन्हात उघडी राहते, ते तीन-चार आठवडे सर्वांत वाईट. त्यानंतरचा वाईट काळ म्हणजे ऑक्टोबरचा उकाडा. चिखल वाळलेला असतो, पण काम सुरू झालेले नसते. एका बाजूला रसायनी-पाताळगंगेची औद्योगिक वसाहत आणि दुसऱ्या बाजूला मुंबई-गोवा महामार्ग असलेल्या आपटा परिसराने हे लक्षात ठेवायला हवे.

त्यामुळे झाकण घालायचे ते काम थांबले त्या दिवसापासून आणि काढायचे ते काम सुरू होईल त्या दिवशी. गोठ्याच्या पडवीत सावली असेल तर उत्तम. नसेल तर चाकांपुढे बारदान, जुनी ताडपत्री किंवा झावळ्यांचा आडोसाही पुरतो. काळे प्लास्टिक चाकाला घट्ट गुंडाळून बांधणे मात्र चुकीचे. आत ओल कोंडते आणि डिस्क गंजते. आडोसा खालून मोकळा हवा. ट्रॉलीखाली पेंढा रचण्याचीही पद्धत आहे, पण तिथे उंदीर घर करतात आणि दिव्यांच्या वायरी कुरतडतात.

हवा किती ठेवावी?

ट्रॉली चाकांवरच उभी राहणार असेल तर टायरसाठी ठरलेली पूर्ण हवा. किती, हे टायरच्या बाजूवर छापलेले असते किंवा विक्रेता सांगतो. ‘आता कुठे चालवायचीय’ म्हणून हवा कमी करून ठेवणे हा नेमका उलटा उपाय आहे.

पूर्ण हवा भरूनही ती टिकत नाही, याचे साधे गणित आहे. मेच्या दुपारी, पारा चाळिशीला असताना ६० पीएसआय हवा भरली असे धरू. जुलैत तापमान पंचविशीवर आले की केवळ गार झाल्यामुळे दाब सुमारे साडेतीन पीएसआयने उतरतो. त्याशिवाय चांगल्या ट्यूबमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा झिरपते. चार महिन्यांत साठाचे पन्नासच्या आसपास होतात, तेही कुठेही पंक्चर नसताना. व्हॉल्व्हवर टोपी नसेल तर आणखी कमी. ही टोपी दोन-पाच रुपयांची वस्तू, पण ती नसली की व्हॉल्व्हमध्ये माती-पाणी जाते आणि सुई अडकते.

म्हणून पावसाळ्यात निदान दोनदा हवा मोजावी. एकदा भात लावणी आटोपल्यावर आणि एकदा गणपतीच्या सुमारास, ही लक्षात राहणारी वेळ. काठीने टायर ठोकून आवाजावरून अंदाज घेण्याची सवय अनेकांना असते. पण ६० आणि ४५ यांतला फरक काठीला कळत नाही. दाब मोजायचा गेज फार महाग नसतो. चार-पाच ट्रॉलीमालकांत मिळून एक घेतला तरी पुरतो.

ट्रॉली उचलून ठेवायची तर कशी?

चाके जमिनीपासून जरा वर राहतील अशी ट्रॉली उचलून ठेवणे हा सर्वांत चांगला उपाय. मग चपटेपणाचा प्रश्नच उरत नाही. जॅक लावण्याआधी ट्रॉली पूर्ण रिकामी करावी, पुढची दांडी पक्क्या आधारावर टेकवावी आणि उरलेल्या चाकाला दोन्ही बाजूंनी ओट लावावी. आधार साट्याखाली नको. तो एक्सलखाली, चाकाच्या जितका जवळ देता येईल तितका द्यावा. नुसत्या जॅकवर महिनोन्‌महिने ट्रॉली ठेवू नये, कारण जॅकमधले तेल गळते आणि तो हळूहळू खाली बसतो. त्याऐवजी लोखंडी स्टँड, म्हणजे गॅरेजवाल्यांची घोडी, किंवा जाड लाकडी ठोकळे वापरावेत.

वीटभट्टीवर हाताशी विटाच असतात, त्यामुळे एक्सलखाली विटा रचण्याचा मोह होतो. तो टाळायलाच हवा. वीट भिंतीत सर्व बाजूंनी सारखा भार पेलते. एक्सलचा भार एका जागी आला की ती तडकते आणि वरची ट्रॉली एका बाजूला कलंडते. पावसात खालची जमीन भुसभुशीत झाली तर तेवढेही निमित्त लागत नाही. उभ्या ट्रॉलीखाली सावली धरून मुले खेळतात, कोंबड्या-शेळ्या बसतात, हे ध्यानात घेतले तर ठोकळ्यांचा खर्च जास्त वाटणार नाही.

उचलणे शक्य नसेल तर चाकाखाली मुरूम घालून त्यावर फळ्या टाकाव्यात. फळी टायरच्या टेकलेल्या भागापेक्षा मोठी हवी, नाहीतर टायरची कड फळीबाहेर लोंबते आणि तिथेच दबते. त्याशिवाय तीन-चार आठवड्यांनी ट्रॉली ढकलून चाक पाव फेरा फिरवावे. टायरवर खडूची खूण केली की मागच्या वेळी कुठला भाग खाली होता ते कळते. जागा मात्र उंचावरची बघावी. पातळगंगेला पूर आला की काठची शेते पाण्याखाली जातात. जुलै २००५ आणि जुलै २०२१ चा पाऊस रायगड विसरलेला नाही. चाक हबपर्यंत पाण्यात बुडाले असेल तर टायरआधी बेअरिंग उघडून ग्रीस बदलावे लागते.

आणखी एक सवय मोडायला हवी, ती म्हणजे उभ्या ट्रॉलीचे गोदाम करणे. खताच्या गोणी ट्रॉलीत ठेवल्या की टायरवर वजन तर राहतेच, शिवाय ओल धरलेले खत खाली गळते आणि ते लोखंड झपाट्याने खाते.

जळके ऑइल लावल्याने टायर टिकतो का?

नाही. ट्रॅक्टरचे काढलेले ऑइल ट्रॉलीच्या फळ्यांना आणि पत्र्याला फासण्याची रीत जुनी आहे. लाकूड आणि लोखंड यांना त्याचा थोडाफार उपयोगही होतो. हात फिरता फिरता टायरवरही फासला जातो आणि टायर काळाभोर, नवा दिसू लागतो. पण खनिज तेल रबरात मुरते, रबर फुगते आणि मऊ पडते. डिझेल किंवा रॉकेलने टायर पुसणेही तसेच. पृष्ठभागावर आलेला मेणाचा संरक्षक थर त्यासोबत निघून जातो. झळाळी देणाऱ्या काही पॉलिशमध्येही पेट्रोलियम द्रव असतात. शेण, माती आणि खताचे डाग साध्या पाण्याने, फार तर साबणाने धुऊन टायर वाळवला की झाले. वेल्डिंग मशीन आणि विजेच्या मोटारी चालतात तिथेही ओझोन तयार होतो, त्यामुळे सुटा टायर वर्कशॉपच्या कोपऱ्यापेक्षा घराच्या माळ्यावर बरा.

खरा धोका कुठे असतो?

टायर फुटला तर पैसे जातात. डिस्कच्या रिंगमध्ये दडलेला धोका मात्र जिवावर बेततो आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही.

अनेक ट्रॉल्यांना ट्रकचे जुने टायर आणि ट्रकच्याच डिस्क बसवलेल्या असतात. अशा डिस्कला एका बाजूने सुटी लोखंडी रिंग असते, जिला पंक्चरवाले लॉक रिंग म्हणतात. आत ट्यूब आणि फ्लॅप असतो. आतल्या हवेचा सगळा जोर ही रिंग खाचेत बसून पेलते. कोकणातल्या चार महिन्यांच्या ओलीत रिंग आणि खाच दोन्ही गंजतात, गंजाचे पापुद्रे सुटतात आणि रिंग वरवर बसलेली दिसली तरी नीट धरत नाही. दिवाळीनंतर बसलेला टायर पाहून मालक थेट कॉम्प्रेसरची नळी लावतो, हवा चढत जाते आणि एका क्षणी रिंग गोळीसारखी सुटते. समोर वाकून बसलेला माणूस त्यातून क्वचितच वाचतो. हा धोका जगभर ओळखला गेला आहे. अशा सुट्या भागांच्या डिस्कमध्ये हवा भरताना टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवण्याचा नियम अमेरिकेत १९८० पासून आहे. आपल्याकडे रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानात पिंजरा अपवादानेच दिसतो.

म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या, हवा पार उतरलेल्या टायरमध्ये जागेवरच हवा भरू नये. चाक काढावे, उरलीसुरली हवा व्हॉल्व्हची सुई काढून पूर्ण सोडावी, रिंग आणि खाच तारेच्या ब्रशने साफ करून पाहावी. वाकलेली, चीर गेलेली किंवा गंजाने बारीक झालेली रिंग बदलावी. ती वेल्डिंग करून पुन्हा वापरणे म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणे. हवा भरताना पिंजरा नसेल तर निदान चाकाभोवती जाड साखळी गुंडाळावी आणि नळी लांब ठेवून रिंगेसमोर नव्हे, नक्षीच्या बाजूला उभे राहावे. ठरलेल्या दाबाच्या ८० टक्क्यांहून कमी हवेवर चाललेला टायर आतून दुखावलेला असू शकतो. तोही काढून तपासल्याशिवाय भरू नये, हा टायर व्यवसायातला सर्वमान्य दंडक आहे.

यात सर्वाधिक जोखीम पंक्चरवाल्याची असते. ट्रॉली कुठे, किती दिवस उभी होती, हे त्याला आधीच सांगितले तर तो घाई करणार नाही.

सुट्या टायरचे काय?

ट्रॉलीचा जादा टायर आणि बाद झालेले टायर पावसाळ्यात घराबाहेर पडून असतात. काही कौलांवरच्या प्लास्टिकला वजन म्हणून ठेवलेले असतात. टायरच्या खोबणीत साचलेले पाणी कितीही तिरपे केले तरी पुरते निघत नाही आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला ते फार मानवते. या डासाची अंडी कोरड्या टायरला चिकटून काही महिने तग धरतात. आशियातला ‘टायगर’ डास अमेरिकेत १९८५ मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टन येथे ठाण मांडून बसलेला आढळला. तो तिथे पोहोचला होता आयात केलेल्या जुन्या टायरमधून. १६ मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिन असतो आणि ट्रॉली उभी करण्याची वेळही साधारण तीच. सुटा टायर छपराखाली, उभा ठेवावा. वजनासाठी वापरायच्या बाद टायरला खालून दोन-तीन भोके पाडावीत.

ट्रॉली बाहेर काढताना काय पाहावे?

आधी टायरची जन्मतारीख. बाजूवर चार आकडे शेजारी शेजारी असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१६’ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. टायर बनल्यापासून दहा वर्षांनी, नक्षी कितीही शिल्लक असली तरी, बदलावा असा सल्ला अनेक कंपन्या देतात. पाच वर्षांनंतर दरसाल तपासणी हवी. रिमोल्ड केलेल्या टायरला वरची नक्षी नवी असते, पण आतला सांगाडा जुन्याच तारखेचा, हे विसरू नये.

मग तडे. केसासारखे वरवरचे तडे वयाची खूण आहेत. ज्यात नख अडकते किंवा ज्यातून आतले धागे दिसतात, तो टायर ओझ्याखाली घालू नये. कुठे फुगवटा असेल तर आत धागे तुटलेले असतात. त्याला पर्याय नाही, टायर बदलावाच लागतो.

हंगामाच्या सुरुवातीला भट्टीवर निघालेली मजूर कुटुंबे सामानासकट ट्रॉलीत बसून जातात, हे या पट्ट्यातले नेहमीचे दृश्य. मालवाहू ट्रॉलीत माणसे नेणे कायद्याला मान्य नाही. त्यातही चार महिने उभी राहिलेली ट्रॉली पहिल्याच दिवशी माणसे भरून कर्नाळा खिंडीतून नेणे फारच धोक्याचे आहे. पहिली खेप रिकामी किंवा निम्म्या भाराची, गावातल्याच रस्त्यावर आणि कमी वेगात करावी. सात-आठ किलोमीटरनंतर थांबून चाकाचे नट पुन्हा आवळावेत आणि दोन्ही हबजवळ हात नेऊन पाहावा. एकाच बाजूचा हब चटका देण्याइतका तापला असेल, तर त्या बेअरिंगमध्ये पावसाचे पाणी गेले आहे आणि ट्रॉली तिथूनच गॅरेजला न्यावी.